मासा आज काढायचा की उद्या? पूर्व विदर्भातले तलाव आणि ढिवरांचे नियम

या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मधला चहाचा ब्रेक तेवढा काढून टाकलाय.

विषय आहे मासेमारीचा. आता नागपुरात बसून मासेमारीवर बोलायचं म्हटलं की लोक हसतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, आपल्याकडे काय, संत्री आणि सावजी! पण रविवारी बाजारात मासे घ्यायला जाता ना, तेव्हा एकदा विकणाऱ्याला विचारा, "हा रोहू कुठला?" बऱ्याचदा उत्तर येतं, "आंध्राचा." बर्फाच्या पेटीत बसून रात्रभर प्रवास करून आलेला. आणि नागपूरपासून तीन-चार तासांच्या आत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे जिल्हे आहेत, जिथे हजारो जुने तलाव आहेत आणि पिढ्यान् पिढ्या त्यात जाळं टाकणारा ढिवर समाज आहे. मग त्या तलावांतला मासा गेला कुठे? आणि काही गावांत तो परत येऊन राहिला, तो कसा? आज हेच समजून घेऊ.

आधी तलाव समजून घ्या

या तलावांना सरकारी भाषेत "माजी मालगुजारी तलाव" म्हणतात. लोक त्याचं छोटं रूप करून "मामा तलाव" म्हणतात. गोंड राजांच्या काळात यातले बरेच बांधले गेले आणि बांधण्यात कोहळी समाजाचं नाव आघाडीवर आहे. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन कसायला मिळेल, अशी तेव्हाची रीत सांगतात. नवेगाव बांधला तुम्ही पिकनिकला गेला असाल. तो तलावसुद्धा कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात.

रचना एकदम साधी आहे. दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालायची. पाळीत एक "तुडूम" ठेवायचं, म्हणजे पाणी सोडायचं दार. जास्तीचं पाणी सांडव्यावरून बाहेर पडतं आणि पुष्कळदा खालच्या दुसऱ्या तलावात किंवा बोडीत जातं. बोडी म्हणजे छोटा तलाव. अशी वरून खाली साखळीच असते.

या साखळीचा माशांशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात ओढे-नाले वाहायला लागले की मासे पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. तलावाची उथळ बाजू, जिथे गवत आणि पाणवनस्पती असतात, ती माशांची बाळंतिणीची खोली समजा. पाळीजवळचं खोल पाणी मोठ्या माशांचं. उन्हाळ्यात तलाव आटत जातो आणि मासे त्या खोल डोहात गोळा होतात. म्हणून उन्हाळ्यात मासा पकडणं सोपं आणि म्हणूनच तेव्हा सगळा मासा काढून घेणंही सोपं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तलाव एक, मालक किती?

ब्रिटिशांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना मालकी हक्क दिले. तलाव मालगुजाराचा, पाळीची दुरुस्ती त्याने गावाकडून करून घ्यायची. मासे पकडायचे ढिवरांनी आणि त्यातला वाटा मालगुजाराला. ही काही फार गोड व्यवस्था नव्हती, हे आधीच सांगतो. कोण जाळं टाकणार आणि कोण वाटा घेणार, हे जातीवर ठरलेलं होतं. पण तलावाकडे रोज बघणारं कुणीतरी होतं.

मग १९५० चा कायदा आला, मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जाणं योग्यच होतं. अडचण पुढे झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे. पाणी शेतकऱ्याला. मासे ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला. बुडीत क्षेत्रातली जमीन महसूल खात्याच्या नोंदीत. तलाव जंगलात असेल तर वनखातंही आलंच.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे असं दिसतं: एकच डेटाबेस आणि चार टीम्स. प्रत्येक टीमकडे आपापल्या कॉलमचा ॲक्सेस आहे आणि पूर्ण डेटाबेसची जबाबदारी कुणाचीच नाही. बॅकअप कोण घेणार? कुणीच नाही. इथे पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार, हा तोच प्रश्न.

बीज विकत घ्यायचा मासा आणि घरचा मासा

आता जरा विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

कतला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे आपल्याला बाजारात दिसतात. हे मूळचे वाहत्या नदीतले. बंद तलावात ते वाढतात मस्त, पण सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशात हीरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस असतो. त्या प्रयोगामुळे मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि तलावात सोडता येऊ लागलं. ही मोठीच गोष्ट होती. आज आपल्या ताटात मासा परवडतो त्यात या शोधाचा वाटा आहे.

पण याचा एक अर्थ असाही निघतो: तलावात दरवर्षी नवं बीज सोडावं लागतं. म्हणजे हे पीक झालं. बियाणं विकत आणा, वाढवा, काढा, परत विकत आणा.

याउलट मरळ, शिंगूर, डडक, बोटरी हे इथले स्थानिक मासे. हे तलावातच किंवा त्याला जोडलेल्या ओढ्यात प्रजनन करतात. मरळ तर पाणवनस्पती बाजूला सारून घरटं करते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर-मादी राखण करतात. यांचं बीज विकत आणावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी लागतात: वनस्पती शाबूत हव्यात आणि काही मोठे मासे पावसाळ्यापर्यंत जिवंत राहायला हवेत. आणि बाजारात जिवंत मरळीला रोहूपेक्षा भाव चांगला मिळतो, हे खाणाऱ्यांना माहीतच आहे.

तलावांत नेमक्या याच दोन गोष्टी बिघडल्या. जास्त उत्पादनासाठी परदेशी मासेही सोडले गेले. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, भारतात १९५९ मध्ये आला. तो पाणवनस्पती खातो, त्याचं कामच ते. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून अन्न शोधतो, त्यात रोपं उपटली जातात आणि पाणी गढूळ होतं. शिवाय मरळ दुसऱ्या माशांची पिल्लं खाते, म्हणून बीज सोडणाऱ्याच्या हिशेबात ती शत्रूच ठरली. शेतातलं खत आणि औषधं वाहून तलावात आली. आणि काठावर बेशरम पसरली. ती जांभळट फुलांची झुडपं तुम्ही रस्त्याकडेला पाहिली असतील, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. जनावरं खात नाहीत, तोडली तरी परत फुटते, नाव अगदी शोभतं तिला. जिथे बेशरम माजते तिथे माशाच्या कामाच्या वनस्पतींना जागा उरत नाही.

घरचा मासा गेला की संस्थेच्या हातात फक्त बीज विकत घ्यायचा मासा राहतो. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला किंवा बीज मेलं, तर वर्ष फुकट. मग ढिवर कुटुंबं कामाच्या शोधात बाहेर पडतात. आपण ज्याला उत्पादनातली घट म्हणतो, ती प्रत्यक्षात अशी दिसते.

अर्जुनी मोरगावची गोष्ट

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि आजूबाजूला काही लोकांनी याच्यावर काम केलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांचं नाव यात येतं. मासेमार पतिराम तुमसरे यांचं येतं. निमगावच्या शालू कोल्हे यांचं येतं.

त्यांची पद्धत मला आवडली, कारण सुरुवात त्यांनी अभ्यासाने केली. अभ्यास कुणाचा? आपल्याच समाजातल्या म्हाताऱ्या माणसांकडे काय माहिती आहे, त्याचा. कोणती वनस्पती तलावात कुठे उगवते, कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, कोणता मासा तिला खातो. पाण्याच्या आत राहणाऱ्या वनस्पती वेगळ्या, पानं वर तरंगणाऱ्या वेगळ्या, काठाला उभ्या वाढणाऱ्या वेगळ्या. देवधानासारखं गवत काठाच्या उथळ पाण्यात. हे सगळं ढिवरांच्या डोक्यात होतं. ते कागदावर आलं, तेव्हा त्याचा आराखडा झाला.

मग काम. बेशरम मुळासकट उपटायची, आणि तेही उन्हाळ्यात, तलाव आटलेला असताना. मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या तलावातून आणलेल्या स्थानिक वनस्पती लावायच्या. गवत्या सोडायचा नाही. स्थानिक मासे परत आणून सोडायचे. आणि वाढू द्यायचे.

शेवटचं वाक्य ऐकायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात अवघड. कारण "वाढू द्यायचे" याचा अर्थ असा की आज घरात पैसे नाहीत, समोर पाण्यात मासा आहे आणि तरी जाळं टाकायचं नाही.

मी थांबलो आणि दुसऱ्याने नेला तर?

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण संपतं. उपाय दोनच, एक तर खाजगी मालकी नाही तर सरकार. अनेक वर्षं धोरणं याच चष्म्यातून ठरली.

मग एलिनॉर ऑस्ट्रॉम आल्या. त्यांनी जगभरातली प्रत्यक्ष उदाहरणं तपासली: स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावजंगलं, स्पेन आणि फिलिपीन्समधले पाण्याचे पाट, तुर्कस्तानातली मासेमारी. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं की कित्येक ठिकाणी लोकांनीच नियम करून शेकडो वर्षं ती संपत्ती टिकवली होती. जिथे टिकली तिथे काही गोष्टी समान होत्या. मी त्या तलावाच्या भाषेत सांगतो.

एक, या तलावात जाळं कोण टाकणार हे स्पष्ट हवं. दोन, नियम त्या तलावाला साजेसे हवेत. छोट्याशा बोडीला आणि नवेगाव बांधला एकच नियम चालणार नाही. तीन, ज्यांना नियम पाळायचेत त्यांनीच ते ठरवायला हवेत. चार, राखण करणारे त्यांच्यातलेच हवेत. पाच, दंड पायरीपायरीने वाढायला हवा. पहिल्यांदा चुकला तर समज, दुसऱ्यांदा दंड, मग काही दिवस मासेमारी बंद. पहिल्याच चुकीला माणूस बाहेर काढला तर त्याला नियम पाळण्यात काही रस उरत नाही. सहा, भांडण मिटवायला जवळची आणि स्वस्त जागा हवी. आणि सात, सरकारने हा हक्क मान्य केलेला हवा.

या यादीत मला सगळ्यात महत्त्वाचं पहिलं आणि शेवटचं कलम वाटतं. मी आज मासा सोडला तर तो उद्या मलाच, निदान माझ्या गावालाच मिळेल, ही खात्री. ती नसेल तर बाकी सगळं प्रबोधन वाया जातं. गरीब माणूस दूरचं बघत नाही असं आपण पटकन म्हणतो. त्याला दूरचं नीट दिसतं, पण ते आपलं असेल की नाही हे त्याला माहीत नसतं.

तेच फिजीमध्ये

हे फक्त आपल्याकडचं नाही. पॅसिफिक महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथे किनाऱ्याजवळच्या पाण्यावर गावांचा पारंपरिक हक्क असतो. १९९७ मध्ये उथुनिवानुआ या गावाने आपल्या किनाऱ्याचा चोवीस हेक्टरचा तुकडा तीन वर्षांसाठी बंद केला. तिथे शिंपले मिळेनासे झाले होते. "ताबू", म्हणजे मनाई, ही त्यांची जुनी प्रथा होती, तीच वापरली. गावातल्या लोकांना मोजणी शिकवली गेली आणि तेच दोरी लावून शिंपले मोजायचे. बंद भागात शिंपले वाढले आणि पाठोपाठ शेजारच्या उघड्या भागातही वाढले, कारण पिल्लं वाहत तिकडे जातात. बघून शेजारची गावं तयार झाली, त्यांचं जाळं उभं राहिलं आणि २००२ मध्ये त्या जाळ्याला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपल्या तलावाचा उथळ काठ आणि त्यांचा तो चोवीस हेक्टरचा तुकडा यात फरक खाऱ्या-गोड्या पाण्याचा. तत्त्व एकच: थोडी जागा आणि थोडा काळ सोडून द्या, पण मोजत राहा, म्हणजे थांबल्याचा फायदा सगळ्यांना दिसतो.

आणि हक्कच गेला तर?

याचं उदाहरण नागपूरच्या शेजारी, मध्य प्रदेशात आहे. तवा धरणात ज्यांची गावं बुडाली, त्या आदिवासींनी आणि मासेमारांनी लढून १९९६ मध्ये त्या जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघ स्थापन झाला. गावोगावच्या प्राथमिक समित्या आणि वर त्यांचा संघ. बीज सोडणं, पावसाळ्यातली बंदी पाळणं, चोरटी मासेमारी रोखणं, विक्री, हे सगळं ते करायचे. पाच वर्षांनी करार वाढवून मिळाला. पण जलाशय सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येत होता, आणि डिसेंबर २००६ मध्ये मुदत संपल्यावर करार पुढे वाढला नाही.

वाघ वाचवायचे की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. मुद्दा असा आहे की दहा वर्षं नियम पाळून दाखवल्यावरही शेवटचा निर्णय दुसऱ्याच्या हातात होता. ठेका म्हणजे मुदतीची उधारी. पाच वर्षांच्या ठेक्यावर पंधरा वर्षांचा विचार कोण करेल?

याच २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादनं स्पष्टपणे लिहिलेली आहेत. म्हणजे जंगलातल्या तलावावर गाव आपला मासेमारीचा हक्क मागू शकतं, ठेका म्हणून नाही, तर हक्क म्हणून. पूर्व विदर्भात जंगल आणि तलाव एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे हे कलम इथे फार कामाचं आहे. गावाबाहेरच्या, जंगलात न येणाऱ्या तलावांना मात्र ते लागू होत नाही. तिथे अजून ठेकाच.

गाव म्हणजे नेमकं कोण?

एक अवघड प्रश्न शेवटी ठेवलाय. आपण "समुदायाने ठरवलं" म्हणतो, तेव्हा ठरवतं कोण?

शेतकऱ्याला रब्बीला पाणी हवं असतं, त्यासाठी तुडूम उघडलं की तलाव उतरतो. ढिवराला उन्हाळ्यात निदान डोहभर पाणी हवं असतं. दोघंही त्याच गावातले. ग्रामसभेत शेतकरी जास्त आणि वजनदार, ढिवर कमी. मग किती पाणी राखून ठेवायचं हा निर्णय मतांवर सोडला तर काय होणार, सांगायला नको.

ढिवरांच्या आतही तेच. जाळं पुरुष टाकतात, पण टोपलं डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात बसतात बायका. कोणता मासा कमी झाला, कोणत्याला भाव आला, हे त्यांना आधी कळतं. संस्थेच्या सभासदांच्या यादीत मात्र पुरुषांचीच नावं जास्त. शालू कोल्हे यांच्या कामाचं महत्त्व मला इथे वाटतं. बायका एकत्र आल्या, ग्रामसभेत बोलू लागल्या आणि तलावाच्या निर्णयात त्यांचा आवाज आला. पाणवनस्पती परत लावण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, कारण ज्यांना नियमांमध्ये जागाच नाही, त्यांच्याकडून ते पाळले जातील अशी अपेक्षा कशी ठेवायची?

आणि हो, कार्प माशांचं पीक यातून पूर्ण बंद झालेलं नाही, व्हायची गरजही नाही. बीज थोडं मोठं करून सोडलं तर ते मरळीच्या तोंडातून बरंच वाचतं. दोन्ही एकत्र चालू शकतात: रोहू-कतला रोख पैशासाठी आणि घरचा मासा वाईट वर्षासाठी.

तर पुढच्या वेळी नवेगाव बांधला किंवा त्या बाजूला कुठेही गेलात, तर फोटो काढून झाल्यावर पाच मिनिटं पाळीवर उभे राहा. उथळ काठाकडे बघा. बेशरम माजलीय की गवत आणि कमळं आहेत? मग जवळच्या गावात विचारा, इथे मासे कुणाचे? ठेका कुणाकडे, किती वर्षांचा? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या तलावाचं पुढे काय होईल, याचा बराच अंदाज येतो.

तुमच्या गावात तलाव किंवा बोडी असेल आणि मासेमारीचे काही जुने नियम असतील, म्हणजे अमुक दिवशी जाळं नाही, अमुक डोहात कुणी उतरत नाही, असे, तर आम्हाला नक्की लिहून पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. पुरेसे जमले तर त्यावरच एक एपिसोड करू.